तुमच्या पश्चात तुमचं कोणाचं?

मृत्युपत्राचा विषय काढला की घरात कोणीतरी लगेच म्हणतं, "असं अभद्र बोलू नये बाई!" आणि बायकांच्या बाबतीत पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "तुझ्याकडे आहे काय एवढं?" मैत्रिणींनो, जरा हिशेब तर करा. लॉकरमधलं सोनं, पोस्टातली ठेव, नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधी, नावावरचा एखादा प्लॉट. हे काय कमी आहे?

१९ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सर्व स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. न्यायालयाला हे सांगावंसं का वाटलं?

कारण आहे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम १५. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता स्त्री गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवऱ्याला मिळते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर आई-वडिलांना! आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मूलबाळ नसेल तर माहेरी परत जाते. पण स्वतः कमावलेली मात्र सासरकडे. उलट पुरुष गेला तर त्याची आई पहिल्याच रांगेत असते.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेलं एक प्रकरण पाहा. लग्नानंतर तीन महिन्यांतच ती विधवा झाली. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, पैसे साठवले. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. आईने हक्क सांगितला. पण कायद्याप्रमाणे सगळं मिळालं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालय म्हणालं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही.

२०२५ मध्ये हे कलम घटनेला धरून आहे का, हा प्रश्न न्यायालयाने खुलाच ठेवला. म्हणजे कायदा आजही तोच आहे. तो बदलेल तेव्हा बदलेल, मृत्युपत्र मात्र आपल्या हातात आहे.

ते अवघडही नाही. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. तुमची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना काही द्यायचंय, त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधक कार्यालयात केली तर पुढचे वाद कमी होतात. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं तेच खरं.

"नॉमिनी लावलाय ना, मग झालं," असं पुष्कळजणी म्हणतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय.

मला वाटतं, प्रश्न सासर विरुद्ध माहेर असा नाहीच. तुम्हाला सगळं नणंदेच्या मुलीला द्यायचं असेल, तर जरूर द्या. म्हाताऱ्या आईसाठी ठेवायचं असेल, तर ठेवा. फक्त ते तुम्ही ठरवा, आणि लिहून ठरवा. आयुष्यभर घरचा पै-पैचा हिशेब आपणच ठेवतो; मग हा शेवटचा हिशेब दुसऱ्यांवर का सोडायचा?