पितळेचा बिल्ला

दिवाळीच्या साफसफाईत केरापेक्षा आठवणीच जास्त निघतात. यंदा तामलवाडीच्या आमच्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर तळाशी पितळेचा एक बिल्ला! त्यावर ठोकलेले चार आकडे. नाव नाही, गाव नाही.

तो आजोबांचा. दुसऱ्या महायुद्धात ते मुंबईच्या गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. तामलवाडी तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. म्हणजे आगगाडी धरायची तरी राज्य ओलांडायचे! गोदीत त्यांना नावाने कोणी ओळखीत नसे. फाटकावर बिल्ला दाखवावा तेव्हा प्रवेश, खिडकीवर दाखवावा तेव्हा पगार.

बिल्ल्याची ही रीत साऱ्या जगाची. पहिल्या महायुद्धात विलायतेत धडधाकट तरुण साध्या कपड्यांत दिसला, की काही बाया त्याच्या हाती पांढरे पीस ठेवीत. पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. तो बिचारा कदाचित गोदीत लढाऊ जहाजे बांधून घरी निघालेला असायचा! अखेर सरकारने अशा कामगारांना ‘युद्धसेवेवर’ असे लिहिलेले बिल्ले दिले. पुढच्या महायुद्धात कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे कैसरच्या चार गोद्यांनी ७४७ जहाजे बांधली. तिथल्या स्त्री-पुरुषांच्या छातीवरही नंबराचे बिल्ले असत. हेतू हाच, की परका माणूस आत शिरू नये.

आपला माणूस मात्र हरवू नये, याची सोय त्या आकड्यांत होती का?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. कॅनडातील प्रिन्स रूपर्टच्या गोदीत बांधलेले हे जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा! दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. किती? बरोबर १२४. आणि माणसे किती मेली? कोणी ८०० म्हणतो, कोणी १,३०० म्हणतो. सोन्याचा हिशेब विटेपर्यंत लागतो. माणसांचा शेकड्यांनीही लागत नाही.

आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून वाचले. युद्धाचा काळ, बातम्यांवर बंधने. पंधरा दिवसांनी त्यांचे कार्ड आले, तोवर आजीने चूल पेटवली ती केवळ लेकरांसाठी. पुढे दर लक्ष्मीपूजनाला ती रुपयांच्या शेजारी हा बिल्ला मांडायची, त्यालाही हळदकुंकू वाहायची. आम्ही हसलो, तर म्हणायची, “हसू नगा रं. त्या दिशी ह्यो घरी आला, म्हणून घर ऱ्हायलं.”

परवा बिल्ला चिंचेने घासून लखलखीत केला आणि तुळजापूरला भांड्यांच्या दुकानात नेला. नावे घालणाऱ्या कारागिराने तो उलटसुलट पाहिला आणि सवयीने विचारले, “देणाऱ्याचं नाव काय घालू?”

मी म्हणालो, “देणाऱ्यानं नुसता आकडा दिला होता. ज्याचा आहे, त्याचं नाव घाला.”

यंदा लक्ष्मीपुढे बिल्ला मांडायचा आहे. नावाची बाजू वर ठेवून.