फिटची गोळी सोडू नका, पण कोलेस्टेरॉल तपासा

अपस्माराच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि त्यांच्या घरचे, दोघांसाठी ही तातडीची विनंती. हे वाचून गोळी बंद करू नका, एक दिवसही नाही. अचानक गोळी सुटली की लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो.

फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून; कार्बामाझेपिनही जुनेच. स्वस्त आणि गुणकारी, त्यामुळे गार्डिनाल (फेनोबार्बिटोन), एप्टॉइन (फेनिटॉइन) यांची चिठ्ठी वीस-वीस वर्षे तशीच चालते. फिट येत नाही ना, मग दवाखान्यात कशाला जायचे? पण या तिन्ही औषधांनी यकृतातील एन्झाइम्सचे काम वाढते आणि त्या ओघात रक्तातले कोलेस्टेरॉलही चढते. इंग्लंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अशी औषधे घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार इतर फिटची औषधे घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने जास्त दिसले. धोका प्रचंड नाही, पण हळूहळू साचणारा आहे. त्यात तंबाखू किंवा मिश्री असेल तर बोलायलाच नको. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाने वजन वाढते, म्हणून साखरेवरही नजर हवी.

आपल्याकडची खरी अडचण लपवाछपवीची. लग्न जमवताना झाकलेला आजार पुढे हृदयाच्या डॉक्टरांपासूनही झाकला जातो. त्यांनी कोलेस्टेरॉलसाठी दिलेले अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रक्त पातळ ठेवणारे रिव्हरॉक्साबान या जुन्या गोळ्यांमुळे फिके पडते. उलट बीपीसाठीच्या डिल्टियाझेमने कार्बामाझेपिन रक्तात साचते. चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. तेव्हा सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ओता.

या महिन्यातच बीपी, वजन, साखर आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करून घ्या. आकडे वाढलेले निघाले तर औषध बदलता येईल का, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन या नव्या औषधांवर आणल्यावर सहा आठवड्यांत कोलेस्टेरॉल उतरल्याचे फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी २००९ साली दाखवले आहे. मात्र नवे म्हणजे निर्धोक नव्हे: हृदयविकार आधीच असेल तर लॅमोट्रिजिन जपून द्यावे लागते. आणि बदल होतो तो हळूहळू, एक वाढवत, दुसरे कमी करत; ते वेळापत्रक डॉक्टरांनीच लिहून द्यायचे.

चिठ्ठीवर ‘सीटी ऑल’ (सगळी औषधे तशीच चालू ठेवा) लिहून रुग्णाला वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांनो, त्याआधी एकदा बीपीचा पट्टा बांधा आणि शेवटची लिपिड तपासणी कधी झाली ते विचारा.