देव पावला म्हणजे मॅच जिंकली?

एक ठरलेला साचा आहे, तुम्हीही दहा वेळा वाचला असेल. कॉलेजातला पोरगा, जबरदस्त खेळाडू. मग गुडघा जातो, किंवा पोरगाच भरकटतो. मग एका ख्रिस्ती कॉलेजात त्याला श्रद्धा सापडते आणि शेवटच्या परिच्छेदात साहेब ट्रॉफी उंचावतात. येशूच्या जागी आपापलं दैवत घाला, ट्रॉफीच्या जागी ऑनसाइट किंवा प्रमोशन. झाली आपली आवृत्ती तयार!

माझं भांडण श्रद्धेशी नाही. भांडण आहे त्या शेवटच्या परिच्छेदाशी.

जेम्स नेस्मिथचं उदाहरण घ्या. जीकेच्या पुस्तकात 'बास्केटबॉलचा जनक' म्हणून एका ओळीत उरकलेला माणूस. जन्म १८६१, कॅनडा. १८७० साली आईवडील टायफॉइडने गेले, मामाने वाढवलं. शाळा अर्धवट सोडून काही वर्षं जंगलात लाकूडतोड केली, मग पुन्हा शाळा, मग माँट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ. तिथून पाद्री व्हायचं म्हणून प्रेस्बिटेरियन कॉलेज. पण पठ्ठ्या रग्बी सोडेना. बरोबरचे सज्जन विद्यार्थी याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायचे म्हणे, आणि हा काळेनिळे डोळे घेऊन प्रवचनाला उभा!

एका मॅचमध्ये शेजारचा खेळाडू चिडून शिव्या देतो आणि लगेच नेस्मिथची माफी मागतो. नेस्मिथने त्याला कधी टोकलेलं नसतं. तो फक्त त्याच्या शेजारी खेळत असतो, बस. इथे त्याची ट्यूब पेटते: माणसावर परिणाम करायला व्यासपीठच लागतं असं नाही, मैदानही चालतं. १८९० साली धर्मशास्त्राचं शिक्षण संपवून तो पाद्री न होता मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला गेला, वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये. घरी बहिणीला हे अजिबात रुचलं नाही.

पुढचा भाग आपल्यासारख्या इंजिनियर लोकांनी नीट वाचावा. डिसेंबर १८९१. बाहेर बर्फ, आत १८ वैतागलेले विद्यार्थी, आणि बॉसची दोन आठवड्यांची डेडलाइन: हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ काढ. नेस्मिथने विचार केला, धसमुसळेपणा येतो कुठून? बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडावं लागतं म्हणून. मग बॉल घेऊन पळायचंच नाही. गोलमध्ये बॉल जोरात हाणतात म्हणून? मग गोल डोक्याच्या वर टांगा, तिथे ताकद चालत नाही, नेम लागतो. असे १३ नियम. 'सभ्यपणे वागा' असं पोस्टर त्याने भिंतीवर लावलं नाही, सभ्यपणा डिझाइनमध्येच घातला. श्रद्धेने दिशा दिली म्हणजे काय, तर माझ्या मते हे.

आणि ट्रॉफी? कॅन्सस विद्यापीठात कोच म्हणून त्याचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकमेव बास्केटबॉल कोच म्हणजे खुद्द या खेळाचा जनक! फॉरवर्डवाल्यांनो, आता लिहा शेवटचा परिच्छेद.

बरं, मला त्याची आरतीही ओवाळायची नाही. १९३० च्या दशकात जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससमध्ये शिकायला आला. नेस्मिथने त्याला मनापासून शिकवलं, आणि तो पुढे मोठा कोच झाला. पण विद्यापीठाच्या संघात त्याला रंगामुळे जागा नव्हतीच, आणि १९३९ मध्ये नेस्मिथ वारला तोपर्यंत ते दार बंदच होतं. म्हणजे श्रद्धेने माणूस चांगला झाला तरी व्यवस्था आपोआप सुधारत नाही. तेही लिहायला हवं.

'अशा खेळाला श्रद्धा कशाला लागते? नास्तिकालाही सुचला असता की!' मान्य. सुचला असता. पण या माणसाला ज्या वाटेने सुचला ती वाट कॉलेजच्या चॅपलमधून जात होती, आणि ते नाकारणं हाही एक प्रकारचा आंधळेपणाच.

राहता राहिला विजयाचा पुरावा. प्रार्थना दोन्ही संघ करतात, हरतो एक. मग हरलेल्यांची श्रद्धा काय डुप्लिकेट? ज्या पोराचा गुडघा कायमचा गेलाय, त्याच्या हातात आपण 'विश्वास ठेव, जिंकशील' हे ठेवतो. तो जिंकणार नसतो. वर्षभराने खेळही गेलेला असतो आणि देवही. त्याला नेस्मिथचे ते ५५-६० सांगा की राव. आयुष्य हरलेल्या मॅचच्या पलीकडे असतं, हे त्याला कोणीतरी आकड्यांत दाखवायला हवं.