पट्टी काढल्यानंतरचे सहा आठवडे

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मी दिल्लीत, ती सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने सांगितले, "पट्टी काढली रे, छान उजेड दिसतोय." मी निश्चिंत झालो आणि ते प्रकरण मनातल्या मनात निकाली काढले. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती पोथी हातभर लांब धरून अक्षरे लावीत होती. डोळ्यांवर जुनाच चष्मा होता. "या वयात आता एवढंच दिसायचं," अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. नवा चष्मा आला त्या दिवशी तिने तांदूळ स्वतः निवडले.

चूक माझी होती. मी शस्त्रक्रिया मोजली, दृष्टी मोजली नाही. आमचे प्रशासनही बहुधा हेच करते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा अर्ध्या तासाच्या आत आटोपते. डोळा पूर्ण बरा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात औषधाचे थेंब ठरल्या वेळी घालावयाचे आणि डॉक्टर सांगतील तसेच कमी करावयाचे. डोळा चोळावयाचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यावयाचे नाही. वेदना वा लाली वाढली, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयाचे. आत जंतुसंसर्ग झाला असल्यास काही तासांचा विलंबही महाग पडतो. कृत्रिम भिंग बहुधा दूरचे स्पष्ट दिसावे अशा बेताने बसवितात. त्यामुळे नंबर स्थिरावल्यावर तपासणी करून वाचनाचा चष्मा घ्यावा लागतो. आईची नेमकी हीच पायरी राहून गेली होती.

भारताने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू केला. आज देशात दरवर्षी लक्षावधी शस्त्रक्रिया होतात आणि ही कामगिरी लहान नाही. परंतु जिल्ह्यांच्या आढावा बैठकीत पहिला प्रश्न उद्दिष्ट किती आणि साध्य किती, हाच असतो. पाठपुरावा मार्गदर्शक सूचनांत असतो, तक्त्यात मात्र त्याला क्वचितच रकाना मिळतो. 2005 साली केंद्र सरकारने पहिला 'आउटकम बजेट' संसदेत मांडला, तो खर्चाऐवजी फलित पाहावे म्हणून. 2021 साली जागतिक आरोग्य सभेनेही मोतीबिंदूसाठी 'परिणामकारक व्याप्ती' हा निकष स्वीकारला. शस्त्रक्रियेनंतर, रुग्ण नेहमी वापरतो त्या चष्म्यासह, 6/12 किंवा अधिक चांगली दृष्टी असेल तरच ती यशात धरावयाची. म्हणजे चष्मा हा यशाचाच भाग ठरला.

माझी सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या अहवालात सहाव्या आठवड्याची दृष्टी आणि दिलेला चष्मा, असे दोन रकाने असावेत. रुग्णाला शस्त्रक्रियेपर्यंत आणल्याबद्दल आशा कार्यकर्तीला मोबदला मिळतो. तसाच तो त्याला तपासणीला पुन्हा आणल्याबद्दलही मिळावा. संस्थांचे अनुदान मात्र यासाठी अडवून ठेवू नये. तसे केल्यास दूरच्या पाड्यावरचा, पुन्हा येण्याची खात्री नसलेला रुग्णच त्या प्रथम टाळतील. पाठपुराव्याची रक्कम वेगळी व वाढीव असावी, आणि अंतर जास्त तेथे ती जास्त असावी. हा खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ आहे. तो वाचविण्याच्या नादात शस्त्रक्रियेवरचा खर्च अर्धा वाया जातो.

शासन हे करील तेव्हा करील. आपण घरापासून दूर राहणाऱ्यांनी आईवडिलांना फोनवर "ऑपरेशन झालं का?" एवढेच विचारून थांबू नये. थेंब कोण घालते आणि चष्म्याचा नंबर कधी काढला, हेही विचारावे. मला ते सुचायला दिवाळी उजाडावी लागली.