रबरी राक्षसाचं वकीलपत्र

तमाशाला जाणाऱ्याला हल्ली लोककलेचा अभ्यासक म्हणतात. रमी खेळणाऱ्याला निदान चौथा भिडू म्हणून तरी मागणी असते. पण आपल्याला रामसे बंधूंचे सिनेमे आवडतात, असं चारचौघांत एकदा बोलून बघा! समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे बघतो आणि पुढे तिच्याकडेच बघत राहतो. सहानुभूतीने.

परवा गंगापूर रोडला एका स्नेह्यांकडे हेच झालं. गृहस्थ जागतिक सिनेमाचे जाणकार. ज्या सिनेमात दहा मिनिटं कुणी बोलत नाही तो चांगला, वीस मिनिटं बोलत नाही तो थोर, अशी त्यांची साधी मोजपट्टी. मी 'पुराना मंदिर'चं नाव काढताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, रबराचा मुखवटा घातलेला माणूस असतो तो! तुम्हाला कळत नाही?"

कळतं ना! कळतं म्हणूनच आवडतं. त्या वेळी तोंडात चिवडा होता, म्हणून गप्प बसलो. आज मात्र त्या रबरी राक्षसाचं वकीलपत्र घेऊन उभा आहे.

मुद्दा पहिला. राक्षसाला हसण्याचा अधिकार जगात सर्वांना असेल, नाशिककराला नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून हे नाशिक, असं आपण पंचवटीत येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला सांगतो. ज्या गावाला नावच एका राक्षसिणीच्या नाकावरून मिळालं, त्या गावाने राक्षस दिसला की नाक मुरडायचं?

मुद्दा दुसरा. ज्यांच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले आणि १९४४ साली नाशिकमध्येच वारले. ते सिनेमावाले होण्याआधी जादूगार होते. फाळके उलटं वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करायचे. आता सांगा, भारतीय सिनेमाचा जनक मुळात हातचलाखीवाला असेल, तर रबरी मुखवट्याने असं काय पाप केलं? १९१९ साली याच नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतून त्यांनी 'कालिया मर्दन' काढला. त्यातला कालिया काही यमुनेतून पकडून आणलेला नव्हता. कृष्ण झाली होती त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी. आणि गंमत पाहा, सिनेमाच्या सुरुवातीलाच फाळके तिला साध्या मुलीच्या रूपात समोर आणतात, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवायला लावतात आणि मग तिचा कृष्ण करतात. म्हणजे 'ही आमची मुलगी आहे, बरं का' असं आधी सांगून टाकायचं आणि मग आपल्याला हात जोडायला लावायचे! त्र्यंबक-पेठकडच्या बोहाड्यातही हेच. मुखवट्याआड गावातलाच कोण नाचतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून काही पोरं भ्यायची थांबत नाहीत.

मुद्दा तिसरा, रामसे. १९७० साली फ. उ. रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरीला येतात, त्या प्रसंगाला लोक खूश होते. तेवढ्या एका धाग्यावरून पोरांनी अख्खं दुकान थाटलं. सात भाऊ! कुणी लिहिणार, कुणी कॅमेरा धरणार, कुणी आवाज सांभाळणार, कुणी कापाकापी करणार, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करणार. 'दो गज ज़मीन के नीचे'साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेलं, घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला आणि १९७२ साली सिनेमा पडद्यावर आला. आपल्याकडे दोन सख्ख्या भावांना एक सामाईक नळ वापरता येत नाही, म्हणून कोर्टात जावं लागतं. सात भावांनी मिळून एक भूत उठवलं, याचं कौतुक नको?

आता खरा मुद्दा. १९८४ साली 'पुराना मंदिर' आला, त्याच वर्षी आमच्या अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. अण्णा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी जिना, मीठ, काळजी आणि सिनेमा, सगळंच बंद केलं. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. रात्री त्यांना खोकला आला की आम्ही चौघं एकदम उठून बसायचो.

एका संध्याकाळी अण्णाच म्हणाले, "इथे माझ्या छातीकडे काय बघत बसतोस? जा, सिनेमा बघून ये. आणि आल्यावर मला सांग."

गेलो. थिएटरातले पंखे पडद्यावरच्या दारांपेक्षा जास्त करकरत होते. पण हिरव्या उजेडात, धुरातून तो सामरी चालत आला, अख्खं थिएटर एकदम ओरडलं आणि लगेच एकदम हसलं. शेजारच्या अनोळखी माणसाने माझा दंड धरला होता. आणि कितीतरी दिवसांनी माझा श्वास मोकळा झाला. खऱ्या भीतीला तिकीट नसतं हो, मध्यंतर नसतं, आणि ती रात्री साडेबाराला संपत नाही. ही संपत होती. बाहेर येऊन चहा पिता येत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांना गोष्ट सांगितली. सामरीचं मुंडकं एका पेटीत आणि धड देवळामागे, दोन्ही जुळली की अनर्थ.

"म्हणजे तुझ्या बी. कॉम.सारखंच," अण्णा म्हणाले. "डोकं पेटीत आणि धड गावभर."

आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मी म्हटलं, "पण अण्णा, मुखवटा अगदी खोटा दिसतो."

त्यावर ते म्हणाले, "खोटी नोट वाईट का? ती खरी असल्याची बतावणी करते. पोरांच्या व्यापाराच्या डावातली नोटही खोटीच असते, तिला कुणी पकडतं का?"

यापेक्षा मोठी सिनेमा-समीक्षा मी आजतागायत वाचलेली नाही. रामसेंचा राक्षस ही डावातली नोट. आजचा कॉम्प्युटरचा राक्षस मात्र घामाचा थेंबन् थेंब मोजून खरा असल्याची बतावणी करतो, आणि आपण त्याच्याकडे बघत निवांत मक्याच्या लाह्या खातो.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. एका राक्षसाच्या नुसत्या केसांवर त्याचे तीन महिने गेले. गुणी पोरगा आहे, त्याच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. दिवाळीत आला तेव्हा त्याला 'पुराना मंदिर' दाखवला. पहिला तासभर तो पोट धरधरून हसला. मग हळूहळू गप्प झाला. शेवटी म्हणाला, "मामा, त्या मुखवट्याच्या आत कोण होतं?"

"अजय अग्रवाल," मी म्हटलं. "रूरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर."

तो जरा वेळ गप्प बसला. "आमच्या राक्षसाबद्दल हे कुणीच विचारत नाही," म्हणाला.

अण्णा पुढे नऊ वर्षं जगले. नवा भुताचा सिनेमा लागला की मी रात्रीच्या खेळाला जायचो आणि सकाळी त्यांना सगळी गोष्ट सांगायचो, जरा जास्तच भयंकर करून.

माझा युक्तिवाद संपला. गंगापूर रोडच्या स्नेह्यांना उलटतपासणी करायची असेल तर जरूर यावं. मात्र दिवसाउजेडी. कारण त्या रात्री आमचा तो कॉम्प्युटरवाला भाचा झोपायला गेला आणि पाचच मिनिटांत परत आला.

"मामा," तो म्हणाला, "जिन्यातला दिवा राहू दे."