घोडा कोणाचा?

इंग्लंडात बॅडमिंटन नावाचे एक खेडे आहे. आपल्या जिमखान्यामागे संध्याकाळी जो फुलाचा खेळ चालतो, त्याचे नाव तेथल्या ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या वाड्यावरून पडले. गंमत म्हणजे त्या खेळाचे नियम १८७० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या पुण्यात बसवले आणि तेव्हा त्याला 'पूना' असेच म्हणत. असो. घोड्यांच्या जगात मात्र 'बॅडमिंटन' म्हटले की कोणाला फूल-रॅकेट आठवत नाही. तेथे बॅडमिंटन म्हणजे इव्हेंटिंगची जगातली सर्वांत मानाची स्पर्धा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश घोडेस्वारांची डाळ शिजली नाही, म्हणून ड्यूकसाहेबांनी आपल्या जमिनीवर सरावासाठी ही स्पर्धा सुरू केली. १९४९ साली पहिल्या खेपेस जेमतेम २२ घोडे होते. आज तिला लाखांनी माणसे लोटतात.

वाचकहो, बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे आपल्या मनात येईल. मी स्वतः घोड्यावर कधी बसलेली नाही. लग्नातल्या नवरदेवाच्या घोड्यापलीकडे घोड्याशी आमच्या घराचा संबंध नाही. तरीही लिहिते आहे. कारण या खेळाविषयी जे लिहिले जाते ते टोप्या, वाडे आणि ड्यूक यांच्याविषयी असते, आणि त्यामुळे हा खेळ मुळातच आपला नव्हे अशी आपली समजूत होते. ती मला मान्य नाही.

आधी खेळ सांगते. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन कसोट्या. पहिली ड्रेसाज. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद अशा आखलेल्या जागेत घोड्याने स्वाराच्या न दिसणाऱ्या इशाऱ्यावर चालायचे, वळायचे, थांबायचे. दुसरी क्रॉस कंट्री. माळ, ओढा, चढ-उतार आणि मध्ये ओंडके, चर, पाण्याचे डबके असे पक्के अडथळे, जे धक्का लागला तरी सहसा पडत नाहीत, त्यामुळे पडतो तो घोडा किंवा स्वार. घोडा अडथळ्यापाशी अडला की २० दंडगुण. वेळ चुकली की आणखी दंड. तिसरी कसोटी शो जंपिंगची. आदल्या दिवशी थकलेल्या घोड्याने आता हलक्या दांड्यांवरून सफाईने उड्या घ्यायच्या, दांडी पडली की ४ गुण गेले. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. म्हणजे येथे कमावण्यापेक्षा न गमावण्याला किंमत आहे. आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

मला सर्वांत आवडलेली प्रथा तपासणीची आहे. स्पर्धेपूर्वी आणि पुन्हा शेवटच्या उड्यांपूर्वी घोड्याला पंच व पशुवैद्य यांच्यासमोर कठीण जमिनीवर लगाम धरून पळवून दाखवावे लागते. घोडा जरा लंगडला तर स्पर्धेबाहेर. मग स्वार राजघराण्यातला असो की कालचा विजेता असो. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ साली कायदेशीर अटींसह त्या मान्य केल्या. अटी कागदावर आहेत. पण शंकरपटाच्या धावपट्टीवर पहिला मान पशुवैद्याला मिळेल तेव्हा मी म्हणेन की आपण काही शिकलो.

आता या खेळाचा जन्म पाहा. तो ड्यूकच्या वाड्यात झालेला नाही, छावणीत झालेला आहे. फ्रेंच लष्कराने १९०२ साली पॅरिसला लष्करी घोड्यांची स्पर्धा घेतली, तेव्हापासून त्याची परंपरा सांगतात. घोडदळाचा घोडा संचलनात शिस्तीचा हवा, निरोप घेऊन रानावनातून दौडणारा हवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहणारा हवा, या तीन गरजांच्या त्या तीन कसोट्या. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा त्याला 'मिलिटरी' असेच म्हणत. आणि भाग घ्यायचा तर अंगावर लष्करी अधिकाऱ्याचा हुद्दा हवा. साध्या सैनिकाला मज्जाव. स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता.

या हुद्द्याच्या नियमाची एक कथा आहे. १९४८ साली स्वीडनच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्यातला एक स्वार गेहनाल पेर्सोन हा मुळात सार्जंट होता. स्पर्धेपुरते त्याला लेफ्टनंट केले आणि स्पर्धा संपताच पुन्हा सार्जंट. हे उघडकीस आले तेव्हा पुढच्या वर्षी संघाचे पदक काढून घेतले. घोडा तोच, स्वार तोच, गुण तेच. कमी पडली ती फक्त खांद्यावरची फीत! पुढे नियम बदलला आणि १९५२ साली हेलसिंकीला हाच पेर्सोन सार्जंट म्हणून उतरला आणि स्वीडनने पुन्हा सुवर्णपदक घेतले. ज्या खेळात घोड्याला स्वाराचा हुद्दा कळत नाही, तेथे माणसांना तो इतका कळावा, याचे मला राहून राहून नवल वाटते. स्त्रियांना ऑलिंपिक इव्हेंटिंगचे दार त्यानंतरही बारा वर्षांनी, १९६४ साली उघडले. तोवर बॅडमिंटनला मार्गारेट हफने १९५४ साली आणि शीला विलकॉक्सने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे पुरुषांना हरवून झाले होते. आज या खेळात स्त्री-पुरुष एकाच यादीत, एकाच अडथळ्यांवर उतरतात. असे खेळ फार नाहीत.

तर छावणी. आमच्या जिल्ह्यातील अंबाजोगाईचे जुने नाव मोमिनाबाद. निजामाच्या राज्यात तेथे हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली काँटिंजंटची पथके ब्रिटिश हिंदी सैन्यात मिळाली आणि त्यांतल्या रिसाल्यांपासून डेक्कन हॉर्ससारखी नावे झाली. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ भाले रोखून ज्या घोडदळाने दौड केली, त्यांत ही २० वी डेक्कन हॉर्स होती. त्याहीआधी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो घोडदळाच्या बळावर. घोडा आमच्या मातीला परका नाही. आजही दफेदार, शिलेदार, बारगीर, पागे ही आडनावे मराठी मुलुखात हजेरीपटावर सापडतात.

यांतल्या दोन शब्दांपाशी मला थांबायचे आहे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो. शिलेदाराला पगार अधिक, मान अधिक. पण घोडा लढाईत पडला तर नुकसान त्याचे. बारगिराचा घोडा पडला तर पागा दुसरा देई. शिवछत्रपतींनी पागेच्या घोडदळावर भर दिला तो उगाच नाही.

इतिहासाच्या तासाला हा फरक शिकवला तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो टिपून घेतला. मला टिपावा लागला नाही. आमच्या घरी तो दर दसऱ्याला ठरतो. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. गाडी सेंटरला टायरची गाडी कारखान्याची असते, बैल आपले. आपले म्हणजे मुकादमाच्या उचलीतून घेतलेले. मी नववीत असताना कारखान्याच्या काट्याकडे उतारावरून जाताना आमचा एक बैल घसरला आणि पुढच्या पायाने कायमचा अधू झाला. गाडी थांबली. उरलेला हंगाम दोघांनी नुसत्या कोयत्यावर काढला आणि उचल फिटली नाही, ती पुढच्या वर्षावर गेली. शिलेदाराचा घोडा पडतो म्हणजे काय होते, ते मला त्या वर्षी कळले. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा त्याचा, अर्धा तिचा. उचलीच्या वहीत मात्र नाव एकट्या वडिलांचे.)

म्हणून कोणत्याही घोडेस्वारीच्या विजयाची बातमी वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : घोडा कोणाचा?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचा प्रथमच समावेश झाला आणि इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक व सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके भारताने घेतली. वैयक्तिक सुवर्ण ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांचे. ते दफेदार होते. त्यांना अर्जुन पुरस्कार व पद्मश्री मिळाली. घोड्याचे नाव शहजादा, आणि शहजादा सरकारी पागेतला. म्हणजे आपल्या भाषेत रघुबीर सिंग हे बारगीर. पेर्सोनला ज्या हुद्द्याने अडवले होते, तशा हुद्द्याच्या माणसाने आशियातल्या सगळ्या स्वारांना मागे टाकले, ते मागे पागा उभी होती म्हणून.

त्यानंतर या खेळातले वैयक्तिक रौप्य भारताला २०१८ साली जकार्ताला मिळाले, फवाद मिर्झा यांनी मिळवले. ते टोकियो ऑलिंपिकमध्येही २३ वे आले. त्यांच्या गुणांविषयी शंका घेण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांचे वडील घोड्यांचे डॉक्टर, आणि पाठीशी बंगळूरचा एक मोठा उद्योगसमूह. २०२३ साली हांगझाऊला ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण मिळाले, चार स्वारांत दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला या दोन मुली. मला मनापासून आनंद झाला. चौघांचीही तयारी युरोपात राहून झालेली. घोड्यांच्या रोगांच्या निर्बंधांमुळे येथला घोडा परदेशी नेणे महाकठीण, म्हणून स्वारच तिकडे जातो. (हे दुखणे जुनेच आहे. १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला झाले, पण विलग्नवासाच्या नियमांमुळे घोड्यांचे सामने स्टॉकहोमला घ्यावे लागले.) युरोपात वर्षानुवर्षे घोडा ठेवणे ज्या घराला परवडते, त्या घराचे मूल खेळणार. १९८२ च्या बारगिराकडून आपण पुन्हा शिलेदाराकडे आलो. हुद्द्याची अट गेली, तिच्या जागी खर्चाची आली, आणि तिला कोणी अट म्हणत नाही.

आमच्या एका सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, जेथे माणसाला टँकरने पाणी, तेथे घोडा कोठून पोसणार?" प्रश्न खरा आहे. २०१९ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, त्या मी पाहिल्या आहेत. पण त्याच माळावरून हंगाम सरला की मेंढ्यांच्या वाड्यांबरोबर धनगरांची तट्टे जातात. पाठीवर सगळा संसार, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि त्यावर एखादे पाच-सहा वर्षांचे पोर. ही भीमथडीच्या वंशाची तट्टे अलीकडेच स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली गेली आहेत. २०२३ पासूनच्या राज्यगीतातही त्यांचे नाव आहे. थोड्या चाऱ्यावर राहणारा, घाट चढणारा घोडा धनगरांनी कोणाच्या मदतीशिवाय टिकवला. तो ऑलिंपिकच्या उंचीचा नाही, हे मला माहीत आहे. पण बसायला शिकण्यासाठी ऑलिंपिकचा घोडा लागत नाही. ते वाड्यावरचे पोर खोगिराशिवाय जसे बसते, तसे बसायला क्लबात पैसे मोजावे लागतात. त्या पोराला ड्रेसाज शिकवणे सोपे, की ड्रेसाज शिकलेल्याला तसा तोल शिकवणे सोपे, याचा विचार जाणकारांनी करावा.

घोडे कोठे मिळतात हेही ठाऊक आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत, नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला बाजार भरतात. तेथे पैसेवाले घोड्याची चाल आणि भोवरे पाहून बोली लावतात, आणि आम्ही काठावर उभे राहून मोबाईलवर फोटो काढतो.

माझी सूचना साधी आहे. एन.सी.सी.मध्ये रिमाउंट अँड व्हेटरिनरी नावाची शाखा आहे. तिच्यात घोडे सरकारचे आणि शिकणारी मुले-मुली सामान्य घरांतली असतात. प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतल्या शिबिरात त्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात. हीच आजची पागा. तिचे एखादे छोटे पथक आपल्या जिल्ह्यात यावे. जुन्या छावणीचे अंबाजोगाई त्याला वावगे नाही. दहा घोडे आले तरी चालतील. पदक येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. जी घरे वर्षाला उचलीतून दोन बैल घेतात, त्यांच्या पोरांना जनावराचा पाय हातात घेऊन कोठे दुखते ते ओळखता येते. या कामाला एवढे भांडवल सुरुवातीला पुरे.

याबाबतचा अर्ज मी जिमखाना समितीकडे देण्यासाठी लिहिला आहे. तो ग्रंथालयाच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. आतापर्यंत एकवीस सह्या झाल्या आहेत, त्यांत चौदा मुलींच्या. प्राध्यापकांसाठी वेगळा रकाना सोडला आहे.

— द्वितीय वर्ष, कला