कढईतले उरलेले तेल

विज्ञानाचा संबंध काचेच्या नळ्यांशी, आपल्या घराशी नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर स्वयंपाकघरातील कढईकडे पाहावे. सणासुदीला तळण झाल्यावर जे काळसर तेल उरते, त्याचे आपण काय करतो? एक तर तेच पुनःपुन्हा तापवून खातो, नाही तर मोरीत ओततो. पहिल्याने प्रकृती बिघडते. दुसऱ्याने गटारे तुंबतात आणि तापीमाईचे पाणी नासते. वस्तुतः या तेलापासून जैवडिझेल होऊ शकते. कल्पना नवी नव्हे; १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते.

१०० किलो तेलास सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते आणि सुमारे १०० किलो जैवडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळते. ही क्रिया घडविण्यासाठी सामान्यतः दाहक सोडा वापरतात. परंतु वारंवार तळलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. सोड्याशी त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन नीट वेगळे होत नाही. येथे लायपेज नावाचा विकर उपयोगी पडतो. आपल्या पोटात मेद पचविणाऱ्या विकराचाच हा भाऊबंद. तो मेदाम्लांचेही जैवडिझेल करतो, आणि तेही ३० ते ५० अंश सेल्सिअस इतक्या बेताच्या उष्णतेत.

मात्र विकर महाग असतो. तो तेलात मिसळून गेला, तर परत मिळविणे कठीण. म्हणून तो राळेच्या बारीक मण्यांवर पक्का बसवितात. तेल मण्यांमधून वाहत जाते, विकर जागीच राहतो. आपल्या कुंडी भंडाऱ्यात पाणी वाहून जाते, पण बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या कामी येते, तसेच हे. अर्थात या पद्धतीत दोषही आहेत. मिथेनॉल एकदम ओतले तर विकर निकामी होतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने घालावे लागते; शिवाय सोड्याच्या मानाने वेळ व खर्च अधिक.

तरीही आमच्या मते खरी अडचण विकराची नसून तेल गोळा करण्याची आहे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. तेव्हा ताजे तेल यंत्रात घालणे म्हणजे ताटातला घास काढून घेणे होय. पडीक जमिनीवरील जट्रोफाची आशाही फळली नाही. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचा संकल्प होता, तो पुरा झाला नाही. २०१८ च्या धोरणाने जैवडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के हे लक्ष्य ठेवले. त्याच वर्षी, ज्या तेलात ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली ते खाण्यास वापरू नये, असा नियम लागू झाला. नियम चांगला, पण मोठ्या कढईतले तेल स्वस्तात लहान गाड्यावर जाऊ लागले, तर ते गरिबाच्याच पोटात जाणार!

म्हणून जिलबी-फरसाणाच्या दुकानदाराला या तेलाचा रास्त भाव मिळाला पाहिजे, आणि नगरपालिक निगमाने मोहल्ल्यामोहल्ल्यांतून ते गोळा करण्याची व्यवस्था केली पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, विकर बांधणारे शास्त्रज्ञ तुमच्यातून पुढे निघतीलच. तोवर घरातले उरलेले तेल मोरीत न ओतता डब्यात साठवा, आणि आईला त्याचे कारण समजावून सांगा. शास्त्राचा पहिला धडा तोच आहे.